बुधवारी थांबलेली घड्याळं

"ताई, साठा गेला."

रविवारी दुपारी बाराला धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा ताई बाल्कनीत कपडे वाळत घालत होती.

"कसला साठा? औषधांचा?"

"मेलचा गं. एकोणीस वर्षांचा. कुणीतरी सगळा उडवला. आणि सगळे म्हणतायत, मीच उडवला."

"तू उडवलास?"

"ताई!"

"विचारावं लागतं," ताई म्हणाली आणि हातातला ओला टॉवेल बादलीत परत टाकला.

एकतीस वर्षं तिने विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी केली होती. जळालेली गोदामं, पाण्यात बुडालेली तळघरं आणि त्यांच्या दारात डोळे पुसत उभे असलेले मालक. त्यातल्या निम्म्या मालकांनी काडी स्वतःच लावलेली असे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी माणसांबद्दलचं तिचं मत सुधारलं नव्हतं. घड्याळवेड्यांबद्दलचं तर कधी चांगलं नव्हतंच.

धाकटा त्यांच्यातलाच. तो औषधांचं दुकान चालवायचा आणि उरलेल्या वेळात जुन्या लंबकाच्या घड्याळांची पोटं उघडून बसायचा. असे एकेचाळीस जण गावोगावी पसरले होते आणि एका मेलिंग लिस्टने बांधलेले होते. एका पत्त्यावर मेल टाकला की तो एकेचाळीस जणांच्या डब्यात पडायचा. त्यात असायचं काय? चाकाच्या आसाला तेल किती घालावं, हे. या विषयावर दोन वर्षं वाद चालला होता आणि तेल अजून ठरलं नव्हतं.

गेल्या सहा महिन्यांत मात्र तेलही मागे पडलं होतं. मेलिंग लिस्ट बंद करून सोशल मीडियावर ग्रुप काढावा की नाही, यावरून दोन तट पडले होते. एक तट म्हणे, ई-मेल म्हणजे विचार आणि सोशल मीडिया म्हणजे गोंगाट. दुसरा म्हणे, आता ई-मेल फक्त बँका पाठवतात. नातवंडं असलेली माणसं एकमेकांना 'आपल्या बुद्धीची कीव येते' असं लिहीत होती आणि खाली 'आपला नम्र' अशी सही करत होती.

"चार वाजता सभा आहे," धाकटा फोनवर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "विषय पहिला, मतमोजणी. विषय दुसरा, मला काढून टाकणं."

ताईच्या तोंडावर आलं होतं, सुटलास. पण ती बोलली नाही. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली तेव्हा नातेवाईक तेरा दिवस टिकले होते. टिकला होता तो या यादीतला एक माणूस. कप्तान. कुठल्याशा बंदरात राहणारा निवृत्त जहाजी. त्याने धाकट्याला वर्षभर रोज सकाळी एक पत्र लिहिलं होतं. त्या पत्रांवर आपला भाऊ अंथरुणातून उठायला लागला, हे ताईने डोळ्यांनी पाहिलं होतं. धाकट्याला यादीतून काढलं तर तो पुन्हा अंथरुणात जाईल, हेही तिला दिसत होतं.

"दुकानातच थांब," ती म्हणाली. "आलेच."

दुकान अर्धं बंद होतं. धाकटा काउंटरमागे स्टुलावर बसला होता आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या उगाचच सरळ करत होता. गल्ल्याच्या वर भिंतीला एक फोटो चिकटवलेला होता. काळ्या चौकटीचं गोल घड्याळ, पांढरी तबकडी, चारच्या आकड्याशेजारी टवका उडालेला.

"हे काय?"

"कप्तानाचं घड्याळ. त्यांच्या बंदरातल्या घरचं. त्यांनी फोटो पाठवला होता."

"त्यांना भेटलायस कधी?"

"नाही गं, ते खूप लांब राहतात. मोबाइलही नाही त्यांच्याकडे. म्हणून तर मी मेलिंग लिस्टच्या बाजूने मत दिलं. ग्रुप झाला तर ते येणार नाहीत."

"मग तुझ्यावर आळ का?"

धाकट्याने संगणकावर एक मेल उघडून दाखवला. तो यंत्राने आपोआप पाठवलेला होता. 'संपूर्ण साठा व सभासदांचं रजिस्टर कायमचं काढून टाकलं आहे. वेळ सकाळी दहा वीस.' खाली धाकट्याचं खातं.

"पासवर्ड किती जणांकडे आहे?"

"तिघांकडे. गुरुजी यादी सांभाळतात, एकोणीस वर्षं. त्यांचा एक. चष्मेवाला ग्रुपवाल्यांचा पुढारी, त्याला हट्टाने दिला एक. आणि माझा. मला संगणकातलं थोडं कळतं म्हणून."

ताईने संगणकाकडे पाहिलं. पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर सुंदर वळणदार अक्षरात पासवर्ड लिहिला होता.

"अक्षर तुझं नाही."

"गुरुजींचं आहे. चित्रकला शिकवायचे ना ते. पासवर्ड सगळ्यांना त्यांनीच करून दिले."

"आणि तू तो गिऱ्हाइकाच्या नाकासमोर लावून ठेवलास. शाबास. दहा वीसला कुठे होतास?"

"इथेच. एकटा."

"चष्मेवाला इथे येतो?"

"आठवड्यातून दोनदा. डोळ्यांचे थेंब घ्यायला."

ताईने खुर्ची ओढली. "आता मला सांग, साठा गेला म्हणजे तुझ्या डब्यातले मेल गेले?"

"नाही. माझे अकरा वर्षांचे मेल आहेत माझ्याकडे."

"आणि बाकीच्यांच्या डब्यातले?"

"असतील की. मेल सगळ्यांनाच जातो."

"म्हणजे एकोणीस वर्षांचा ठेवा गेला म्हणून सकाळपासून चाळीस माणसं छाती पिटतायत आणि तो ज्याच्या त्याच्या घरात पडलेला आहे?"

"तसं... हो."

"धन्य आहे," ताई म्हणाली. "आणि ते रजिस्टर? ते कुणाच्या डब्यात आहे?"

"ते नाही. ते फक्त तिथेच होतं. नाव, पत्ता, फोन. आज बारा वाजता मी ते उतरवून घेणार होतो. मतदान संपलंय, पण चष्मेवाल्याने हट्ट धरला की प्रत्येकाला फोन करून मत पक्कं करायचं. मगच निकाल."

"हे कधी ठरलं?"

"शुक्रवारी."

ताईने मान हलवली. "कप्तानाला कळलं का हे तुझं?"

"हो ना. साडेअकराला त्यांचा मेल आला, फक्त मला." त्याने वाचून दाखवला. "'पोरा, हे तू केलेलं नाहीस. मला पक्कं ठाऊक आहे. सभेत वाद घालू नकोस. चार दिवसांत विझेल.'" धाकट्याचे डोळे भरून आले. "एकट्या त्यांचाच विश्वास आहे माझ्यावर."

"मी आले ना इथे?"

"तू विचारलंस, तू उडवलास का. त्यांनी विचारलंसुद्धा नाही."

ताईला ते लागलं. तिने पर्स उचलली.

गुरुजींच्या घरापुढचा रस्ता ताज्या डांबराने काळाभोर झाला होता. गुरुजींनी दार उघडलं. बारीक अंगकाठी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. बैठकीच्या खोलीत एक खुर्ची वापरातली होती. बाकीच्या तिन्हींवर वर्तमानपत्रं रचलेली होती.

"वाईट झालं," गुरुजी म्हणाले. "फार वाईट झालं."

"माझ्या भावाला काढायच्या ठरावावर तुमची सही आहे."

"चूक झाली असेल त्याच्या हातून. हात चुकतो माणसाचा. पण तो नाकारतो, त्यामुळे लोक चिडले. सहीसाठी आमचे अध्यक्ष, डॉक्टर, स्वतः आले. मी काय करणार?"

"सही न करणं हाही एक उपाय असतो."

गुरुजींनी खिशातली पेनं सारखी केली.

"तुम्ही दहा वीसला कुठे होतात?"

"घरीच. मी कुठे जातो?"

"तुम्हाला मेलिंग लिस्टच हवी होती ना?"

"म्हणजे काय!" गुरुजी पहिल्यांदा ताठ झाले. "त्या ग्रुपवर लोक काय करतील? अंगठा दाखवतील. इथे माणूस बसून लिहितो. आणि आमची शिस्त आहे. प्रत्येक मेलची पहिली ओळ म्हणजे फरक."

"कसला फरक?"

"सोमवारी घड्याळाला किल्ली द्यायची आणि आठवड्यात ते किती सेकंद पुढे गेलं की मागे पडलं, ते लिहायचं. मग बाकीचं. फरक नसेल तर मी मेल परत पाठवतो. आणि फरक खोटा लिहायचा नाही. घड्याळाबद्दल खोटं बोलणारा माणूस मी एकोणीस वर्षांत पाहिला नाही."

"माणसांबद्दल बोलणारे पाहिले असतील."

गुरुजी हसले नाहीत. आतून कुकरची शिट्टी झाली आणि ते उठून स्वयंपाकघरात गेले. ताईसुद्धा उठली. परवानगीची वाट पाहणारा सर्व्हेअर उपाशी मरतो. तिने पलीकडच्या खोलीचा पडदा बाजूला केला.

खोलीभर टिकटिक होती. भिंतीवर एका रांगेत घड्याळं. तिने सवयीने मोजली. चौदा. लाकडी चौकटीची, पितळी काठाची, एक काळ्या चौकटीचं गोल, एक हिरव्या रंगाचं. प्रत्येकाखाली खिळा आणि खिळ्याला दोऱ्याने बांधलेली एक वही. कुठे धुळीचा कण नव्हता.

"इथे कुणी येत नाही!" गुरुजी मागून जवळजवळ ओरडले. हातात चिमटा तसाच होता. "पावलांनी जमीन हलते. लंबक बिघडतात."

"इतकी नाजूक असतात?"

"तुम्हाला काय कळणार! मागच्या महिन्यात रस्त्यावर रोलर फिरवला मेल्यांनी. त्या बुधवारी चौदाच्या चौदा बंद पडली. परत सुरात आणायला तीन दिवस लागले मला."

"सॉरी हं," ताई म्हणाली. तिने पडदा सोडला, पण त्याआधी त्या काळ्या चौकटीच्या घड्याळाकडे आणखी एकदा पाहून घेतलं.

चष्मेवाल्याचं दुकान आरशांनी भरलेलं होतं. आपण दिसणार नाही अशी एकही जागा त्याने दुकानात ठेवली नव्हती.

"ताई, स्पष्ट बोलतो," तो म्हणाला. "साठा गेला, मला दुःख नाही. कचरा होता. आता नवं युग आहे."

"म्हणून तुम्ही जाळला?"

"मी? मी तर लाइव्ह होतो!" त्याने फोन तिच्या नाकाशी धरला. "दहा पाच ते दहा पंचेचाळीस. 'घड्याळाचं हृदय, भाग नऊ.' बघा."

ताईने बघितलं. चाळीस मिनिटं चष्मेवाला दोन्ही हात कोपरापर्यंत एका घड्याळात घालून बसला होता आणि अखंड बोलत होता. दहा वीसला त्याच्या एका हातात स्प्रिंग होती, दुसऱ्या हातात चिमटी, आणि तोंडात विनोद. विनोदाला कुणी हसलं नव्हतं.

"किती जण बघत होते?"

"सात."

"त्यात घरचे?"

"पाच," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला.

"फोन करून मतं पक्की करायचा हट्ट तुमचा का?"

"कारण यादीत एकेचाळीस नावं आहेत आणि सभेला पंचवीसच्या वर माणसं मी कधी पाहिली नाहीत. बाकीचे सगळे लांब राहतात, आजारी असतात, नाहीतर मुलीकडे गेलेले असतात. आणि सगळे गुरुजींच्या बाजूचे. मला वाटलं, गुरुजींचे लाडके आहेत, विचारून तर बघू."

या माणसाच्या डोक्यात एक बरा विचार आला होता आणि तो का बरा आहे हे त्याला कळलं नव्हतं. ताईने त्याचे आभार मानले. तो आरशात बघून केस सारखे करू लागला.

ती पुन्हा दुकानात आली तेव्हा साडेतीन झाले होते.

"मागच्या महिन्यातले मेल काढ," ती धाकट्याला म्हणाली. "ज्या बुधवारी गुरुजींच्या रस्त्यावर रोलर फिरला, त्याच्या पुढच्या सोमवारचे. फक्त पहिली ओळ वाच. फरक."

धाकटा वाचू लागला. ताई एका जुन्या औषधाच्या खोक्यावर पेन्सिलीने रेघा ओढत होती. पाचव्या रेघेला धाकट्याचा आवाज मंदावला. नवव्या रेघेला तो थांबला.

"ताई, हे..."

"वाच."

तो तेराव्या रेघेपर्यंत पोहोचला. मग त्याने वळून गल्ल्यावरच्या फोटोकडे पाहिलं आणि तसाच पाहत राहिला.

"तुला यायचं नसेल तर येऊ नकोस सभेला," ताई म्हणाली.

"येतो," धाकटा म्हणाला.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या. चोवीस माणसं आली होती. मेलवाले खिडकीच्या बाजूला, ग्रुपवाले दाराच्या बाजूला, आणि मध्ये कुणी भांडू नये म्हणून रिकामी वाट. अध्यक्ष दाताचे डॉक्टर होते. समोर बसलेल्या सगळ्यांची तोंडं आपण उघडून पाहिली आहेत, अशा अधिकाराने ते बोलत.

"बाहेरच्या व्यक्तीला बोलता येणार नाही," ते म्हणाले.

"नुकसानीची पाहणी झाली आहे," ताई म्हणाली. "अहवाल ऐकायचा नसेल तर तसं लेखी द्या."

लेखी देण्याची कुणाची तयारी नव्हती. ताई उभी राहिली.

"आधी मतं सांगा, डॉक्टर."

"एकेचाळीस मतं. मेलिंग लिस्ट तेवीस, ग्रुप अठरा."

खिडकीच्या बाजूने टाळ्या पडल्या. दाराच्या बाजूने कुणीतरी नाक मुरडलं.

"आता तुम्ही सकाळपासून ज्यासाठी रडताय त्याबद्दल," ताई म्हणाली. "तुमचे मेल गेलेले नाहीत. ते तुमच्या प्रत्येकाच्या डब्यात आहेत. मेलिंग लिस्ट चांगली की ग्रुप चांगला, यावर तुम्ही सहा महिने डोकी फोडलीत, आणि मेलिंग लिस्ट म्हणजे काय हे एकालाही आठवलं नाही."

दोघातिघांनी हळूच फोन काढून तपासलं आणि परत खिशात ठेवलं.

"मी आगी पाहिल्या आहेत. गोदाम जळालं की सगळे मालाकडे बघतात. मी विचारते, मालाबरोबर कागद कोणता जळाला? इथे एकच गोष्ट अशी होती जी दुसरीकडे कुठेच नव्हती. सभासदांचं रजिस्टर. ते आज बाराला माझा भाऊ उतरवून घेणार होता. दहा वीसला ते गेलं. माल जळाला तो नुसता धुरासाठी."

"पण रजिस्टरमध्ये असं काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सांगते. तुमची शिस्त आहे ना, पहिल्या ओळीत फरक लिहायचा? मागच्या महिन्यातल्या एका सोमवारचे मेल आहेत हे." तिने औषधाचं खोकं वर धरलं. "बेकरीवाली बाई लिहिते, 'फरक सांगता येत नाही, घड्याळ बुधवारी थांबलं, भट्टीची धग लागली असावी.' डोंगरातले वनाधिकारी लिहितात, 'बुधवारी थांबलं, थंडीने तेल गोठलं.' मुलीकडे राहणारे इंजिनियर लिहितात, 'बुधवारी थांबलं, नातवाने चेंडू मारला.' कप्तान लिहितात, 'बुधवारी थांबलं, समुद्राची खारी हवा.' असे तेरा जण. तेरा गावं, तेरा कारणं. वार एकच."

दाराच्या बाजूने चष्मेवाला म्हणाला, "योगायोग असेल."

"तुम्ही व्हिडिओ काढा, तेच बरं," ताई म्हणाली. "त्या बुधवारी एका रस्त्यावर रोलर फिरला. त्या रस्त्यावरच्या एका घरात चौदा घड्याळं आहेत आणि चौदाही बंद पडली. मालकाने स्वतः मला सांगितलं. प्रत्येक घड्याळाखाली एक वही आहे. एक वही मालकाची. उरल्या तेरा."

सगळ्या माना एकदम गुरुजींकडे वळल्या. गुरुजी मांडीवरच्या हातांकडे पाहत होते.

"आज तुमची तीन खोटी पाहिली मी, गुरुजी," ताई म्हणाली. "तेरा माणसं खोटी, त्यांची तेरा मतं खोटी, आणि माझ्या भावाविरुद्धची सही खोटी. पण फरक मात्र एकही खोटा नाही. बनवलेल्या माणसालाही तुम्ही खरं घड्याळ दिलंत, दर सोमवारी त्याला किल्ली दिलीत आणि वहीत पाहून सेकंद लिहिलेत. नुसता आकडा ठोकून दिला असतात तर मला काही सापडलं नसतं. तेवढं खोटं तुम्हाला जमलं नाही."

"रजिस्टरमध्ये तेराही जणांना फोन नंबर एकच होता," गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले. "माझ्या घरचा. फॉर्म पुढे जात नव्हता नंबरशिवाय. तेव्हा कुणी फोन करेल असं वाटलं नव्हतं."

खोलीत एकच कालवा उठला. डॉक्टर टेबल बडवत राहिले. खिडकीवाले, जे क्षणापूर्वी जिंकले होते, ते आता दहा मतांवर आले होते आणि त्यांना त्याचंच जास्त दुःख झालेलं दिसत होतं.

"का केलंत हे?" शेवटी डॉक्टरांनी विचारलं.

"बारा वर्षांपूर्वी एक आठवडा असा गेला की एकही मेल आला नाही," गुरुजी म्हणाले. "मी रोज उघडून बघायचो. मग बेकरीवाली बाई केली. तिने एक प्रश्न विचारला. तुम्ही सहा जणांनी उत्तरं दिलीत, भांडलात, परत लिहायला लागलात. जेव्हा जेव्हा शांत झालं तेव्हा मी आणखी एक केला. नाहीतर तुम्ही केव्हाच सोडून गेला असतात."

"आणि माझ्या भावाचा पासवर्ड?"

"वाटलं, रजिस्टर उतरवताना हात चुकला असं म्हणतील. दोन दिवस बोलतील. काढून टाकायचं म्हणतील असं वाटलं नव्हतं."

"म्हणाले तेव्हा तुम्ही सही केलीत," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिने तो आवरला नाही. "तेरा माणसं जन्माला घातलीत तुम्ही. त्यांतल्या एकाला तरी आज खरं बोलायला उभं करायचं होतंत!"

"एकाला केलं होतं," धाकटा म्हणाला.

तो भिंतीला टेकून उभा होता. त्याने फोन काढला आणि सकाळचा मेल वाचला. "'हे तू केलेलं नाहीस. मला पक्कं ठाऊक आहे.'"

"तिथेच मला पहिला संशय आला," ताई हळू म्हणाली. "इतकं पक्कं ठाऊक फक्त एकालाच असू शकतं."

धाकटा रिकाम्या वाटेतून चालत गुरुजींच्या समोर गेला. कुणीतरी दोघांच्या मध्ये पडायला उठलं आणि परत बसलं.

"चारच्या शेजारी टवका आहे ते घड्याळ तुमच्या भिंतीवर आहे?"

गुरुजींनी होकारार्थी मान हलवली.

"माझी बायको गेली त्या वर्षी तीनशे पासष्ट पत्रं आली मला. सगळी तुम्ही लिहिलीत?"

"तीनशे एकसष्ट," गुरुजी म्हणाले. "चार दिवस मला ताप होता."

धाकट्याला ते चार दिवस आठवत असावेत. त्याने ओठ घट्ट मिटले. तो मारेल असं ताईला वाटलं आणि त्याने मारलं असतं तर तिने अडवलं नसतं.

"कप्तान माझ्यासाठी रोज उठत होता," धाकटा म्हणाला. "तुम्हाला आज माझ्यासाठी एकदा उभं राहता आलं नाही."

तो जिना उतरून गेला. मागे डॉक्टरांनी गुरुजींना काढण्याचा ठराव मांडला. सूचक म्हणून हात वर करणाऱ्यांत, दुपारी धाकट्याविरुद्ध सह्या करणारेच आघाडीवर होते. ताईने त्यांची तोंडं नीट पाहून घेतली आणि कुणाचा निरोप न घेता बाहेर पडली.

ग्रुप निघाला. त्यात अठ्ठावीसमधले सत्तावीस जण गेले, कारण अठ्ठाविसावे गुरुजी होते. पहिल्याच आठवड्यात चष्मेवाल्याने 'घड्याळाचं हृदय, भाग दहा' टाकला. त्याखाली तेवीस अंगठे आले. फरक कुणी लिहिला नाही. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी सूर्योदयाचं चित्र टाकलं आणि त्यानंतर ग्रुपवर सूर्यच उगवत राहिला. तेलाचा वाद मिटला, कारण तो कुणाला आठवेना.

धाकटा ग्रुपवर काही लिहीत नसे. गल्ल्यावरचा फोटो त्याने काढला नव्हता. ताई रोज सकाळी दुकानात चक्कर टाकायची, काही घ्यायचं नसताना. तो उठून दुकानात आला आहे ना, एवढंच तिला बघायचं असे.

तिसऱ्या सोमवारी तिला तो संगणकासमोर बसलेला दिसला. कप्तानाच्या पत्त्यावरून मेल आला होता. त्यात फरकाची एकच ओळ होती.

'सांगता येत नाही. त्या रविवारनंतर किल्ली दिली नाही, घड्याळ थांबलं.'

"उडवून टाक," ताई म्हणाली. "कोडगा आहे तो म्हातारा."

"आहे," धाकटा म्हणाला.

त्याने उत्तर लिहायला घेतलं. ताई चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून वाचत उभी राहिली. त्याने आधी स्वतःचा फरक लिहिला, उणे सहा सेकंद. मग बराच वेळ थांबला. एक गिऱ्हाईक आलं, डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन गेलं. मग त्याने खाली दोन वाक्यं लिहिली आणि मेल पाठवून दिला.

'आज किल्ली द्या. आणि पुढच्या सोमवारी पत्राखाली सही तुमची करा.'